मानलेला देव

यंदा गणपतीला गावी जाताना तुतारी एक्सप्रेसमधे, चिपळूण नुकतंच गेलं होतं आणि बाहेर उजाडत होतं, माझ्या मुलाने वरच्या बर्थवरून डोकं खाली काढून विचारलं, पप्पा माणसाने देव मानायलाच पाहिजे का? तोंडसुद्धा धुतलं नव्हतं त्याने. अकरावीत आहे, या वयात असले प्रश्न पडतातच, मला पण पडले होते. फरक एवढाच की मी माझ्या वडिलांना विचारायला पंचविशी गाठली आणि याने ब्रश करायच्या आधी विचारून टाकलं.

मी म्हटलं आधी चहा घेऊ. चहावाला येऊन गेला, रत्नागिरी आलं, विषय तिथेच राहिला. पण माझ्या डोक्यातून काही जाईना, म्हणून इथे लिहितोय. उत्तर वगैरे नाहीये हे, आधीच सांगतो.

मी स्वतः देव मानत नाही. म्हणजे असं मी गेली वीसेक वर्षं सांगत आलोय. आणि तरी दरवर्षी साठ दिवस आधी सकाळी आठला तिकिटासाठी मोबाईलवर तुटून पडतो, वेटिंग मिळालं की शिव्या घालतो, आणि कसंही करून चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरात हजर असतो. बायको म्हणते तुझं नास्तिकपण कणकवली स्टेशनला उतरतं. खरं आहे, काय बोलणार.

आमच्याकडे सिंधुदुर्गात गाऱ्हाणं घालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहतो, नारळ ठेवलेला असतो, आणि तो मोठ्या आवाजात देवाशी बोलतो. मंत्र नाहीत, संस्कृत नाही, सरळ मालवणीत. बा देवा गणपती म्हाराजा, रवळनाथा, सातेरी माये, आज ह्या घराण्यातली सगळी लेकरां तुझ्या पायाकडे येऊन जी काय सेवा केलेली आसा ती गोड मानून घे, काय चुकला माकला आसात तर पदरात घे. मग मागून सगळे एकदम ओरडतात, व्हय म्हाराजा! मग एकेकाचं सुरू होतं. धाकट्याचा धंदा नीट चालू दे, व्हय म्हाराजा. अमकीचं लग्न जुळू दे, व्हय म्हाराजा. तमक्याच्या पाठीमागे जी काय इडापिडा लागली ती दूर कर, व्हय म्हाराजा. लहानपणी आम्हाला त्यातलं व्हय म्हाराजा ओरडण्यातच इंटरेस्ट, कोण जास्त जोरात ओरडतो ते.

आमच्या घरात गाऱ्हाणं वडील घालायचे. आता माझे वडील म्हणजे गिरणी कामगार, लालबागच्या खोलीत वाढलेले आणि पक्के लाल बावट्याचे. खोलीवर देव्हारा होता तो आईचा, ते त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. लालबागच्या राजाबद्दल ते नेहमी सांगायचे की १९३४ साली तो बसला तो कोळी आणि बाजारवाल्यांच्या नवसाचा, त्यांचा बाजार बंद पडला होता, कायमची जागा मिळू दे म्हणून नवस केला होता. म्हणजे आधी बाजार मग देव, असं म्हणून हसायचे. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, तेव्हा त्यांच्या खात्यातल्या लोकांनी कुठे कुठे नवस बोलले होते. तो संप अजूनही अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. नंतर आयुष्यभर वॉचमनकी. कोणी नवसाचं काढलं की म्हणायचे, देवान आयकल्यान नाय, मालकान पण नाय, दोघांचा संगनमत.

तर असा माणूस चतुर्थीला माटवीखाली, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट असते तिच्याखाली, उभा राहून अख्ख्या घराण्याचं गाऱ्हाणं घालायचा, आवाज असा की खालच्या वाडीत ऐकू जाईल. मी पंचवीस-सव्वीसचा असेन तेव्हा एकदा रात्री खळ्यात बसलो असताना विचारलं, तुम्ही तर मानत नाही, मग हे काय? मला वाटलं परंपरा वगैरे काहीतरी सांगतील. ते म्हणाले, तेका आयकाक येता की नाय ता माका म्हायत नाय, पण तुझ्या काकाक आयकाक येता मा.

त्याचा अर्थ कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली. माझे वडील आणि काका यांच्यात तेव्हा बोलणं नव्हतं, जमिनीचं नेहमीचंच, दोन माड आणि एक विहीर. पण गणपती एकच, तो वाटता येत नाही. म्हणजे वर्षातून एकदा दोघं एका खोलीत, आणि वडील मोठ्याने म्हणतायत की माझ्या भावाच्या मुलीक बरा वाटू दे, आणि काका मागे उभा राहून ते ऐकतोय, आणि काकाच्या तोंडून सुद्धा व्हय म्हाराजा निघतंय. हे थेट तोंडावर कधीच बोलता आलं नसतं त्यांना. देव मधे उभा होता म्हणून जमलं. तो आहे की नाही हा प्रश्न त्या क्षणाला कोणाच्या डोक्यात पण नव्हता.

वडील २०१७ ला गेले. तेव्हापासून गाऱ्हाणं माझ्याकडे आलं, कारण मी थोरल्याचा थोरला. पहिल्या वर्षी माझी जी वाट लागली होती, काय सांगू. एकतर माझी मालवणी अर्धी मुंबईकर, त्यात देवांची नावं कुठल्या क्रमाने घ्यायची तेच माहीत नाही, आणि आत कुठेतरी हे पण चाललेलं की आपण खोटं बोलतोय का. आदल्या रात्री चुलतभाऊ मागच्या दारी घेऊन गेला. मला वाटलं क्रम सांगायला. तो म्हणाला, दादा गाऱ्हाण्यात माझा नाव घे, पण काय झाला ता विचारू नको. मी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी नाव घेतलं, ह्याच्या मनात जा काय आसा ता तुका म्हायत आसा म्हाराजा, असं म्हटलं, सगळे ओरडले, आणि मी चोरून बघितलं तर हा गडी डोळे पुसत होता. महिन्याभराने कळलं की नोकरी जाऊन पाच महिने झाले होते आणि घरात बायकोला पण सांगितलं नव्हतं, रोज डबा घेऊन निघायचा.

तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं की मी खोटं बोललो नाही.

तर मुलाच्या प्रश्नाकडे. मला वाटतं आपला घोळ शब्दात आहे. आपण जो प्रश्न विचारतो ना, तुझा देवावर विश्वास आहे का, तो गोऱ्या साहेबाकडून आलेला वाटतो मला. आपल्याकडे आजी कधी विश्वास बिश्वास म्हणाली नाही, ती म्हणायची देव मानतोस का. आणि मानणं म्हणजे काय काय होतं बघा. मान देणं. मानाचा नारळ, मानकरी, मानपान. परत आम्ही मराठी मीडियमवाले बीजगणितात लिहायचो, ती संख्या क्ष मानू. म्हणजे आहे की नाही, किती आहे, काहीच माहीत नाही, पण मानलं तर गणित पुढे सरकतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे मानलेला भाऊ. बाई दर भाऊबीजेला त्याला ओवाळते, तो साडी आणतो, अडीअडचणीला धावतो, आणि दोघांनाही पक्कं माहीत असतं की आपण एका आईची नाही. तिला कोणी डीएनए रिपोर्ट मागत नाही. माझ्या बघण्यातल्या निम्म्या लोकांचा देव हा असा मानलेला आहे. फक्त ते बोलत नाहीत, आणि विचारलं तर चिडतील.

आमच्या आतेला आचऱ्याला दिली आहे. तिथे गावपळण असते, साधारण दर चार वर्षांनी, रामेश्वराचा कौल झाला, म्हणजे देवाला विचारून होकार मिळाला, की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री घर सोडून वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. राहुट्या बांधायच्या, तिथेच चूल, रात्री भजनं, गप्पा. गावातली मुसलमान आणि ख्रिश्चन घरं पण जातात. मग परत कौल घेऊन घरी यायचं. आतेचे मिस्टर हायस्कूलला सायन्स शिकवायचे, कडक माणूस, भुताखेतांना हसणारा. ते पण जायचे. मी विचारलं होतं त्यांना, मामा तुम्ही कशाला? म्हणाले, घरात एकटो ऱ्हवान काय करू, जेवाक कोण घालतलो? आता याला श्रद्धा म्हणायची की अंधश्रद्धा की पिकनिक, मला खरंच ठरवता येत नाही. तीन रात्री अख्खा गाव टीव्हीशिवाय एकमेकांच्या शेजारी झोपतो, हे देवाच्या नावाशिवाय कुठल्या ग्रामपंचायतीने करून दाखवावं.

पण थांबा, हे सगळं फार गोड होत चाललंय आणि मला ते नकोय.

कारण हाच कौल माणसाला मारतो पण. आमच्याच नात्यातली एक काकी, तिला फिट्स यायच्या. सातआठ वर्षं तिच्यावर कौल लावले, बाहेरचं आहे म्हणाले, कोणाचा तरी चाळा आहे म्हणाले, कोंबडे झाले, नारळ झाले, कुठल्या तरी भगताने धुरी दिली त्यात तिचा डोळा गेला. फिट्सवरच्या साध्या गोळ्या तिला मिळाल्या तेव्हा ती चाळिशीची झाली होती. गोळ्यांनी फिट्स थांबल्या. त्या सात-आठ वर्षांचा हिशोब कोणाकडे मागायचा? रवळनाथाकडे? त्याने तर कधी काही म्हटलंच नव्हतं, बोलणारी माणसंच होती. माझ्या देव न मानण्याचं खरं मूळ हे आहे, पुस्तकं बिस्तकं नंतर आली.

नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत फिरले, की बाबांनो तुमचा देव राहू दे, देवाच्या नावावर जी लूट आणि जो छळ चालतो त्याबद्दल बोलू. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. इतकी वर्षं अडकलेला जादूटोणाविरोधी कायदा मग त्या वर्षीच झाला, आधी वटहुकूम आणि डिसेंबरमधे कायदा. त्यात एक कलम असं आहे की साप, विंचू, कुत्रा चावला तर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. कोकणातल्या माणसाला विचारा हे कलम का लागतं ते. विंचू उतरवणारा प्रत्येक गावात असायचा. तिकडे महाडला डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची गोळी वापरायला घेतली, ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी, आणि ज्या गंभीर पेशंटमधे शंभरातले चाळीस दगावायचे तिथे ते एकावर आलं. आज आमच्या गावात विंचू चावला तर रिक्षा बोलावतात. देवाकडचं एक खातं गेलं, आणि कोणाला त्याची आठवण पण येत नाही, कोणाची श्रद्धा त्यामुळे कमी झालेली मी बघितली नाही. तशी अजून बरीच खाती त्याच्याकडून काढून घेता येतील असं माझं मत आहे.

देवळात कोण कुठे उभा राहणार यावरून तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालू आहेत. आणि वाडीतल्या काही लोकांना तर उंबऱ्याच्या आतच घेत नव्हते, त्यांनी काय मानायचं होतं?

माझा ऑफिसमधला मित्र आहे, मूळ महाडकडचा, बौद्ध. त्याच्या आजोबांनी १९५६ नंतर देव सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देवांचे टाक नेऊन सावित्री नदीत सोडले म्हणतात. तो मला नेहमी चिडवतो की तुमचं नास्तिकपण हौशी आहे रे, आमचं कामाचं आहे. मुद्दा बरोबर आहे. माझा देव मला फार तर बोअर करत होता, त्यांच्या आजोबांना त्याने तळ्याचं पाणी पिऊ दिलं नव्हतं, १९२७ ला सत्याग्रह करावा लागला त्या पाण्यासाठी. तर देवाशिवाय माणूस जगू शकतो का याचं उत्तर शोधायला युरोपात जायची गरज नाही, दादरला ६ डिसेंबरला जाऊन उभं राहा, लाखो माणसं दिसतील ज्यांनी ठरवून देव सोडला आणि ती जास्त ताठ उभी राहिली.

पण त्याच मित्राच्या घरी मी एकदा जेवायला गेलो होतो. मुलीचा बारावीचा रिझल्ट होता दुसऱ्या दिवशी. त्याच्या आईने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण झालं, आणि मग बाजूला बाबासाहेबांचा फोटो आहे त्याच्याकडे वळून हळूच म्हणाली, बघा आता, पोरीने अभ्यास केलाय. बस, एवढंच. मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, बाबासाहेबांनी हे करू नका म्हणून सांगितलंय, पण आईला कोण सांगणार. मला हसू आलं नाही. मला आमचं गाऱ्हाणं आठवलं.

लोक म्हणतात वेळ आली की सगळे देव देव करतात. हे साफ चूक आहे, मी शेवटचे अकरा दिवस वडिलांच्या उशाशी होतो. आत्याने अंगारा आणला होता, त्यांनी लावून घेतला, तिला बरं वाटावं म्हणून. नाव नाही घेतलं कुठल्या देवाचं. बांगड्याचा तिखला मागितला, तो डॉक्टरने देऊ दिला नाही. एकदा रात्री जाग आली तर विचारलं, काकाक कळवलंस? काका सकाळच्या गाडीने निघालेला होता. सांगितलं, तर मान हलवली आणि झोपले. घाबरलेले वाटले नाहीत. त्यामुळे देव नसेल तर माणूस कोसळतो, अमुक होतो, हे माझ्यासमोर बोलू नका.

उलटं पण बोलू नका. सगळ्यांना विज्ञान शिकवलं की देव जाईल म्हणणाऱ्यांनी आमच्या त्याच काकीला एमआरआयची तारीख काय मिळाली ते विचारावं. तीन महिन्यांनंतरची. तीन महिने ती कोणाशी बोलणार? ज्या देशात आजारी पडलं तर खर्चाची काळजी नाही, नोकरी गेली तर सरकार महिन्याला पैसे देतं, तिथे लोकांना देवाची आठवण कमी येते यात मला काही नवल वाटत नाही. आमच्याकडे इन्शुरन्स नावाची गोष्ट आता आता आली, आधी नारळच होता. आणि देव पाहिजेच हे आपल्या जुन्या लोकांचं पण एकमत नव्हतं बरं का, सांख्यवाल्यांचं जुनं मत बघा, मीमांसक बघा, जैन बघा, जग बनवणारा कोणी आहे असं न मानता त्यांचं छान चाललं होतं. मीमांसक तर यज्ञ करायचे, सगळं साग्रसंगीत, पण ईश्वराचं काही अडलं नव्हतं त्यांचं. हे वाचलं तेव्हा मला एकदम घरचा माणूस भेटल्यासारखं झालं. माझे वडील मीमांसक होते, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला गावाबाहेर काढला असता.

असो. तर यंदाची चतुर्थी. मूर्ती आली, माटवी बांधून झाली, कवंडळं, आंब्याचे टाळे, सगळं लटकवून झालं. काका आता ऐंशीच्या पुढे, त्यांना खुर्ची लागते, ऐकायला कमी येतं म्हणून अगदी पुढे बसवतो. नारळ ठेवला. मी आता बऱ्यापैकी सराईत झालोय, क्रम चुकत नाही, फक्त सातेरीनंतर कोण ते एकदा बायकोकडे बघून घ्यावं लागतं, तिला सगळं पाठ आहे. ती बोलली तर माझ्यापेक्षा चांगलं बोलेल. पण बाई गाऱ्हाणं घालत नाही म्हणे. का, याला कोणाकडे उत्तर नाही. पुढच्या वर्षी मी मुद्दाम घसा बसवून घेणार आहे.

सुरू करणार इतक्यात मुलगा बाजूला येऊन उभा राहिला आणि कानाशी म्हणाला, पप्पा माझं पण एक घाला.

मी म्हटलं, काय?

ते नाही सांगणार. नुसतं नाव घ्या.

मी म्हटलं, अरे पण परवा ट्रेनमधे तू तर...

तो म्हणाला, तुम्ही पण नाही ना मानत.

मागून काकाने मोठ्याने विचारलं, काय रे, कित्याक थांबलंस? मोदक निवतहत. मी हात जोडले आणि सुरू केलं. त्याचं नाव आलं तेव्हा सगळ्यात जोरात व्हय म्हाराजा काकाने केलं, ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे.